३०० मीटर की ११,००० मीटर? खोल पाण्यातलं महागडं घड्याळ कसं आखतात

प्रश्न असा आहे: कुठल्या डायव्हिंग घड्याळावर ३०० मीटर लिहिलेलं असतं, कुठल्यावर ३,९००, कुठल्यावर ११,०००. या आकड्यांमागे आत नेमकं काय बदलतं? आणि असं घड्याळ नव्याने आखायला घेतलं, तर जास्त डोकं कशावर खर्च करायचं?

खोलीचा आकडा वाढवणं हा या कामातला तुलनेने सोपा भाग आहे. काच आणि पाठीचं झाकण जाड करत गेलं की आकडा वाढतो. अडचण एवढीच की घड्याळ बाहीखाली मावेनासं होतं. खरं अवघड आहे ते उथळ पाण्यात, वर्षानुवर्षं, क्राउन (काटे फिरवायची बाजूची चावी) हजारदा उघडबंद झाल्यावरही पाणी बाहेर ठेवणं. पाणी शिरलेलं घड्याळ उघडलं की पाण्याची वाट बहुधा क्राउनच्या नळीकडून आलेली दिसते. काच दबून फुटल्याचं उदाहरण क्वचितच.

तरी सुरुवात काचेपासूनच करावी लागते, कारण तिची जाडी ठरल्याशिवाय केसची, म्हणजे घड्याळाच्या बाहेरच्या कवचाची, उंची ठरत नाही. दर १० मीटरला साधारण १ बार दाब धरतात. काचेखालचं मोकळं तोंड ३० मिमी व्यासाचं असेल, तर क्षेत्रफळ सुमारे ७०७ चौरस मिमी. ३०० मीटरवर त्यावर २,१२० न्यूटनच्या आसपास भार येतो, म्हणजे सुमारे २१६ किलो. तेच तोंड ३,९०० मीटरवर नेलं तर पावणेतीन टनांहून जास्त आणि ११,००० मीटरवर जवळपास आठ टन.

कडेवर नुसती टेकलेली गोल चकती धरली, तर मधोमध येणारा सर्वांत मोठा ताण असा काढतात: १.२३ गुणिले दाब गुणिले त्रिज्येचा वर्ग, भागिले जाडीचा वर्ग. दाब मेगापास्कलमध्ये (१० बार म्हणजे १ मेगापास्कल), मापं मिमीत. ३०० मीटरच्या घड्याळाची चाचणी २५ टक्के जास्त दाबावर होते, म्हणून दाब ३.७५ घ्यायचा. ३.२ मिमी जाडीला ताण १०० मेगापास्कलच्या आसपास येतो. सफायर, म्हणजे काचेसाठी वापरतात तो कृत्रिम नीलम, वाकताना ४०० मेगापास्कल किंवा त्याहून जास्त सहज सोसतो, मग १०० वर का थांबायचं? कारण सफायर धातूसारखा आधी वाकून इशारा देत नाही, थेट तडकतो. त्याची ताकद कडेवर राहिलेल्या सर्वांत मोठ्या टवक्यावर ठरते. कड पॉलिश केलेली आहे की नुसती घासलेली, यावर एकाच जाडीच्या दोन काचांची ताकद कितीतरी वेगळी निघते.

या सूत्रातून दोन गोष्टी लगेच कळतात. खोली चौपट केली तर जाडी फक्त दुप्पट लागते. आणि मोकळं तोंड ३० वरून २७ मिमी केलं, तर जाडी १० टक्के कमी चालते. म्हणून खोल पाण्याच्या घड्याळांत डायलभोवती रुंद आतली रिंग दिसते. ती शोभेची नसते, काचेचा आधार आत सरकवते.

मात्र ३,९०० मीटरसाठी हेच सूत्र चालवलं, तर काच साडेअकरा मिमीच्या वर जाते. २००८ च्या रोलेक्स डीपसी या ३,९०० मीटरच्या घड्याळाची काच साडेपाच मिमीच्या आसपास आहे. इथे नुसती चकती सोडून रचना बदलावी लागते. त्या घड्याळात नायट्रोजनयुक्त पोलादाची एक कडक रिंग केसच्या आत बसवली आहे. वरून घुमटाकार काच आणि खालून टायटॅनियमचं झाकण, दोन्ही तिच्यावरच दाबले जातात. भार केसच्या भिंतीवर न येता रिंग पेलते. घुमटाकारामुळे वाकण्याचा ताण थोडा दाबाच्या ताणात वळतो, आणि दाबाखाली सफायर फार बळकट असतो. १९६० साली जॅक पिकार आणि डॉन वॉल्श ‘त्रिएस्त’ पाणबुडीतून मारियाना गर्तेच्या तळाशी गेले, तेव्हा बाहेर बांधलेल्या रोलेक्सच्या प्रायोगिक घड्याळाला जवळपास अर्धगोलासारखी काच होती. मनगटावर घालण्याजोगं ते नव्हतंच. २०१२ मध्ये चित्रपट दिग्दर्शक जेम्स कॅमेरून एकटा तिथे खाली गेला, तेव्हाच्या रोलेक्सच्या प्रायोगिक घड्याळाची काच १४.३ मिमी आणि पूर्ण जाडी २८.५ मिमी होती. २०२२ मध्ये विक्रीला आलेल्या रोलेक्सच्या ११,००० मीटरच्या घड्याळात काच ९.५ मिमी, व्यास ५० मिमी, जाडी सुमारे २३ मिमी. दहा वर्षांत जाडीत झालेली ही घट बरीचशी रचनेतून आणि टायटॅनियममधून आली आहे. ओमेगाने २०१९ च्या घड्याळात, खोल समुद्रात उतरणाऱ्या व्हिक्टर वेस्कोवोच्या पाणबुडीच्या खिडकीवरून, काचेची बैठक शंकूच्या उतारासारखी केली. उतारावर काच जितकी दाबली जाते तितकी समान टेकते, आणि वरच्या कडेवरचा ताण घटतो.

काचेची बैठक हीच दुर्लक्षित जागा आहे. तिथे धातू कापताना उरलेला एक बारीक काटा (बर) राहिला, तर सगळा भार त्या टोकावर येतो आणि निर्दोष काच चाचणीच्या टाकीत तडकते. काच फुटली की आधी बैठक भिंगाखाली बघावी, काचेच्या पुरवठादाराला नंतर धरावं.

प्रकाशाचंही इथेच उरकतो. सफायरच्या प्रत्येक पृष्ठावरून हवेत सात-आठ टक्के प्रकाश परततो. पाण्यात बाहेरच्या पृष्ठावरचं परावर्तन दोन टक्क्यांवर येतं, त्यामुळे बाहेरून दिलेला परावर्तनरोधक लेप पाण्याखाली जवळजवळ निरुपयोगी. शिवाय तो ओरखडतो. आतून मात्र तो हवाच. आणि सपाट काच पाण्याखाली फार तिरपी पाहिली, तर साधारण ४९ अंशांपुढे ती आरशासारखी चंदेरी होते, डायल दिसतच नाही. आत हवा आहे तोवर यावर इलाज नाही, मनगट वळवावं लागतं.

आता केस. ३१६एल जातीचं पोलाद बहुतेक जण वापरतात. ९०४एल मध्ये क्रोमियम आणि मॉलिब्डेनम जास्त असल्याने खाऱ्या पाण्यात खड्डे पडायला ते जास्त विरोध करतं. पण लोक ज्या चकाकत्या पृष्ठाकडे बघतात तिथे गंज धरत नाही. तो धरतो गॅस्केटच्या, म्हणजे सांधा बंद करणाऱ्या रबराच्या, खाली, जिथे मीठ अडकतं आणि प्राणवायू पोचत नाही. तिथे संरक्षक थर पुन्हा तयार होत नाही आणि बैठकीला टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडतात. अशा खड्ड्यावर नवी ओ-रिंग (गोल रबरी कडी) घातली तरी घड्याळ गळतच राहतं. सर्व्हिसमध्ये रिंग बदलून घड्याळ परत आलं आणि महिन्यात पुन्हा धुकं दिसलं, तर संशय इथेच घ्यावा.

ग्रेड ५ टायटॅनियमला या गंजाची भीती जवळजवळ नाही. कायमचं वाकण्याची त्याची मर्यादा ८३० मेगापास्कलच्या वर, ३१६एलच्या चौपट. पण ते पोलादापेक्षा जास्त लवचीक आहे. ३० मिमी तोंडावर २.५ मिमी जाडीचं झाकण, दाब ३.७५ मेगापास्कल: पोलादाचं झाकण मधोमध ०.०४४ मिमी आत येतं, टायटॅनियमचं ०.०७४ मिमी. दोन्ही आकडे लहान वाटतील, पण रोटर (मशीनला आपोआप चावी देणारं फिरतं वजन) आणि झाकण यांच्यात ठेवलेली फट अनेकदा ०.२ ते ०.३ मिमीचीच असते आणि ती सुटे भाग जोडण्यातल्या फरकांनी आधीच खाल्लेली असते. दाबाखाली रोटर घासून घड्याळ मंद पडणं, वर आल्यावर पुन्हा ठीक चालणं, ही तक्रार आली तर मशीनमध्ये दोष शोधू नये. झाकणाच्या आतल्या बाजूला गोल ओरखडा आहे का बघावं. टायटॅनियमवर टायटॅनियमचे आटे फिरवले तर ते एकमेकांना चिकटून ओरबाडले जातात, म्हणून झाकणाला किंवा क्राउनच्या नळीला वेगळ्या धातूची जोड देतात, निदान ग्रीस तरी.

या कामाचा गाभा म्हणजे ओ-रिंग आणि क्राउन.

ओ-रिंग दाबून फट बुजवते एवढं सगळ्यांना माहीत असतं. कमी माहिती असते ती अशी की पाण्याचा दाब वाढला की रिंग खाचेच्या पलीकडच्या भिंतीवर ढकलली जाते आणि आणखी घट्ट बसते. म्हणजे १०० मीटरवर ती जेवढी भरवशाची, तेवढी २ मीटरवर नसते. उथळ पाण्यात तिला फक्त जोडणीवेळी मिळालेल्या दाबावर काम भागवावं लागतं. हा दाब रिंगच्या जाडीच्या १५ ते २५ टक्के ठेवतात. ०.७ मिमीच्या रिंगला २० टक्के म्हणजे ०.१४ मिमी. आता बाजारातल्या साध्या रिंगच्या जाडीत ±०.०८ मिमी फरक चालतो, आणि खाचेच्या खोलीत ±०.०३ धरला, तर दोन्ही वाईट बाजूला गेल्यावर उरतात ०.०३ मिमी. तेवढ्यावर घड्याळ कारखान्यातून पास होऊन बाहेर पडेल आणि रबर थोडं बसलं की गळेल. महागड्या घड्याळाच्या किमतीचा एक न दिसणारा भाग इथे जातो: रिंग मोजून वेगळ्या करणं आणि खाच ०.०१ मिमीच्या आत कापणं. खाचही पूर्ण भरू नये, साधारण ८५ टक्क्यांच्या आत ठेवावी. रबर दबतं, पण त्याचं आकारमान घटत नाही, जागा नसेल तर ते कडेवर चिरडतं.

रबर कोणतं? नायट्राइल स्वस्त आणि चांगलं, पण काही वर्षांत कडक होतं. फ्लोरोरबर उष्णता आणि सनस्क्रीनच्या तेलाला जास्त टिकतं, थंडीत मात्र ताठरतं. ग्रीस सिलिकॉनचं लावतात, अगदी बारीक थर. रिंगच सिलिकॉनची असेल तर ते ग्रीस वापरू नये, ती फुगते. आणि गळतीला रिंगवर आडवा पडलेला डोक्याचा एक केस किंवा कापडाचा धागा पुरतो. ०.०६ मिमी जाडीच्या केसाच्या दोन्ही बाजूंना त्रिकोणी बोगदा राहतो आणि पाणी तिथून आत येतं.

स्क्रूचा क्राउन पूर्ण बसला की त्यातली रिंग नळीच्या तोंडावर दाबली जाते. नळीच्या आत-बाहेर आणखी एकदोन रिंग असतात. रोलेक्सची तीन जागी सील करणारी रचना १९७० पासूनची आहे. आखताना हे बघावं की क्राउन उघडा राहिला तरी आतल्या रिंग किमान उथळ पाणी अडवतील, कारण कधीतरी तो उघडा राहणारच. ४ मिमी व्यासाच्या नळीवर ३०० मीटरला फक्त ३८ न्यूटन बळ येतं आणि तेही क्राउनला आत ढकलणारं, म्हणजे मदतीचंच. शत्रू दाब नाही, आटे आहेत. वापरणारा माणूस क्राउन तिरका धरून फिरवतो, पहिला आटा चिरतो, त्याचा धातूचा भुगा रिंगमध्ये रुततो. योग्य पद्धत अशी: क्राउन हलका आत दाबून आधी उलट्या दिशेने फिरवायचा, आटा जागेवर उतरल्याचा ठोका बोटाला लागला की मग पुढे. शेवटी पक्कड लावल्यासारखा आवळायचा नाही. जास्त आवळल्याने सील सुधारत नाही, रिंग चिरते. नळी बदलता येईल अशी आटे पाडून बसवावी. दाबून बसवलेली नळी खराब झाली तर केसच पणाला लागते.

हात पाण्यावर आपटल्याने किंवा पोहण्याच्या हालचालीने दाब कित्येक पट वाढतो, असं सर्रास सांगितलं जातं. गणित करून बघा: हात सेकंदाला ५ मीटर वेगाने हलवला तर वाढणारा दाब ०.१३ बार, म्हणजे सव्वा मीटर खोली जास्त. १० मीटर वेगाला पाच मीटर. ३० मीटर लिहिलेलं घड्याळ पोहताना गळतं, ते या हालचालीमुळे नव्हे. त्याच्या रिंग जुन्या झालेल्या असतात आणि त्यावरचा आकडा फक्त काही नमुने तपासून दिलेला असतो.

हीलियमच्या झडपेबद्दल थोडक्यात. संपृक्त डायव्हिंगमध्ये माणसं दिवसेंदिवस दाबाच्या खोलीत हीलियममिश्रित हवेत राहतात. हीलियम रबरातून आत झिरपतो, दाब उतरवताना तितक्या वेगाने बाहेर पडत नाही आणि काच आतून उडते. १९६७ च्या सुमारास यावर स्प्रिंगची एकदिशा झडप आली. जपानच्या सेइको कंपनीने १९७५ च्या ६०० मीटरच्या घड्याळात दुसरा मार्ग घेतला: टायटॅनियमची एकसंध केस आणि एल आकाराचं गॅस्केट, हीलियम आतच येऊ द्यायचा नाही. अभियांत्रिकी म्हणून हा दुसरा मार्ग मला जास्त पटतो, कारण प्रत्येक झडप म्हणजे केसला पाडलेलं आणखी एक भोक. दाबाच्या खोलीत न राहणाऱ्याला झडपेचा काडीचा उपयोग नाही. हाताने उघडायची झडप असेल तर ती पाण्यात बंदच ठेवावी.

बेझल, म्हणजे काचेभोवतीचं मिनिटांच्या खुणांचं फिरतं कडं, उलट्या घड्याळी दिशेनेच फिरला पाहिजे. धक्क्याने सरकला तर गेलेला वेळ जास्त दिसतो आणि माणूस लवकर वर येतो. उलट झालं असतं तर हवा संपली असती. १२० टप्पे म्हणजे अर्ध्या मिनिटाची अचूकता. टप्प्यांमधली ढिलाई ही कारागिरीची खूण मानतात, पण मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते हातमोजे घालून पकड मिळणं आणि खालची वाळू-मीठ धुऊन निघणं. बेझलवरची सिरॅमिकची चकती झिर्कोनियाची असते आणि भाजताना पाचव्या भागाहून जास्त आकुंचते, म्हणून साचा त्या हिशोबाने मोठा करावा लागतो. ती ओरखडत नाही, पण खडकावर कडेने आदळली तर तुटते. अॅल्युमिनियमची चकती फिकटते, पण तुटत नाही आणि बदलणं सोपं.

अंधारात काय दिसायला हवं याची शिस्त आयएसओ ६४२५ या डायव्हिंग घड्याळांच्या आंतरराष्ट्रीय मानकात आहे: २५ सेंमीवरून वेळ, बेझलची खूण आणि घड्याळ चालू असल्याची निशाणी वाचता आली पाहिजे. म्हणून सेकंदकाट्यावरही चमकणारा ठिपका असतो. मिनिटकाटा तासकाट्यापेक्षा स्पष्ट वेगळा हवा, कारण पाण्याखाली तास कोणी बघत नाही. लाल रंग पहिल्या काही मीटरमध्येच करडा पडतो.

मशीनबद्दल जास्त सांगण्यासारखं नाही. खोलीशी त्याचा संबंध फक्त जाडीपुरता. चुंबकत्व आणि धक्के सोसणारं, एकदा चावी दिल्यावर जास्त वेळ चालणारं मशीन घ्यावं, म्हणजे क्राउन कमी वेळा उघडावा लागतो. तारीख नसेल तर आणखी बरं.

जोडणीची हवा मात्र विसरू नये. २५ अंश तापमान आणि ६० टक्के आर्द्रतेच्या खोलीत झाकण बंद केलं, तर आतल्या हवेचं दव १६–१७ अंशांवर पडतं. खोल पाणी ४ अंशांचं असतं. काच आतून धुरकटते आणि मालक समजतो की घड्याळ गळलं. २२ अंश आणि ३० टक्के आर्द्रतेवर बंद केलं तर दवबिंदू साडेतीन अंशांच्या आसपास येतो.

चाचणीत आयएसओ ६४२५ नुसार प्रत्येक घड्याळ तपासावं लागतं, नमुने नाही. लिहिलेल्या खोलीच्या १२५ टक्के दाबावर दोन तास, आणि लगेच ०.३ बारवर एक तास. हा दुसरा, हास्यास्पद वाटणारा टप्पा सर्वांत जास्त घड्याळं पकडतो, कारण मोठ्या दाबाने बसलेली रिंग तिथे सैल पडते. याखेरीज नमुन्यांवर ४०, ५ आणि पुन्हा ४० अंशांच्या पाण्यात दहा-दहा मिनिटं, क्राउनवर दाबाखाली ५ न्यूटनचा आडवा रेटा, मिठाच्या पाण्यात २४ तास आणि पट्ट्यावर २०० न्यूटनची ओढ. दाबाआधी आणि नंतर घड्याळ ४० ते ४५ अंशांच्या तव्यावर तापवून काचेवर थंड पाण्याचा थेंब ठेवतात. मिनिटाने पुसल्यावर आत धुकं दिसलं तर नापास.

पट्ट्याला पाण्यात लांबी बदलता आली पाहिजे. निओप्रीनचा सूट खोलीवर दबतो, वर घट्ट बांधलेलं घड्याळ ३० मीटरवर मनगटावर फिरायला लागतं. दोन-दोन मिमीने सरकणारं कुलूप किंवा सेइकोने आणलेला घड्यांचा रबरी पट्टा यासाठीच. पट्टा केसला जोडणारे स्प्रिंगबार जाड घ्यावेत.

वापरातल्या जुन्या घड्याळाची चाचणी करताना क्रम उलटा करू नये: आधी कोरडी, हवेच्या दाबावर आणि निर्वातात, काचेचं मायक्रॉनमधलं वाकणं मोजून, ते स्थिर राहिलं तरच पाण्याची टाकी. खाऱ्या पाण्याने आत वाट केलीच असेल, तर झाकण त्याच दिवशी उघडावं लागतं. आठवडाभर थांबलं तर केसकमानीवर (मशीनमधल्या केसासारख्या बारीक स्प्रिंगवर) आणि स्क्रूंवर गंज बसलेला असतो, मग मशीन साफ करून भागत नाही, भाग बदलावे लागतात.